गाडीचा सात-बारा: वेगवान गाडी सेकंडहँड घेण्यापूर्वी

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रनिंग किती झालंय?" विकणारा मीटरकडे बोट दाखवतो. "फक्त चाळीस हजार, साहेब. डॉक्टरांची गाडी आहे, शोरूम मेंटेन." घेणारा बॉनेट उघडून बघतो, एक चक्कर मारून येतो आणि बोलणं भावावर येतं.

साध्या हॅचबॅकच्या बाबतीत एवढ्यावर पुष्कळदा निभावून जातं. पण टर्बोचं ताकदवान इंजिन आणि झटपट बदलणारे गिअर असलेली गाडी घ्यायची असेल, तर मीटरवरचा आकडा फार थोडं सांगतो. म्हणूनच अनेक जण विचारतात: "रनिंग कमी आहे, गाडी चकाचक आहे, मग सर्व्हिसचे कागद इतके कशाला बघायचे?"

याचं उत्तर आपल्याला जमिनीच्या व्यवहारातून माहीत आहे. शेत कितीही हिरवंगार दिसलं तरी नुसतं पीक बघून कोणी इसार देत नाही. आधी सात-बारा काढतात, फेरफार बघतात, बोजा आहे का ते तपासतात. गाडीच्या सर्व्हिसच्या नोंदी हा तिचा सात-बारा आहे. तो वाचायला शिकणं अवघड नाही. या प्रकरणात आपण ते टप्प्याटप्प्याने शिकू.

१. वेगवान गाडीला वेगळा नियम का?

उदाहरणासाठी आपल्याकडच्या दोन गाड्या घेऊ. पहिली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. २०१३ साली आलेली ही गाडी चाकणच्या कारखान्यात बनायची. इंजिन जेमतेम १.२ लिटरचं, पण टर्बोमुळे ताकद १०५ पीएस. दुसरी २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २ लिटरचं इंजिन, २३० पीएस, आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग सुमारे ६.८ सेकंदांत. २०२० मध्ये तिची २४५ पीएसची आवृत्ती आली, तीही भारतासाठी फक्त २०० गाड्या. पोलोचं भारतातलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. त्यामुळे आज या गाड्या हव्या असतील तर सेकंडहँड बाजाराकडेच जावं लागतं.

छोट्या इंजिनातून इतकी ताकद येते ती टर्बोमुळे. चुलीवर फुंकणी मारली की जाळ भडकतो, तसंच टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि तेवढं जास्त इंधन जळतं. टर्बोचं चाक फिरतं ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर. हा धूर ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो आणि टर्बोची दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकते. इतक्या वेगात दांडी आणि तिचं बेअरिंग यांच्यामध्ये असतो तो इंजिन ऑइलचा पातळ पापुद्रा. तो टिकला तर टर्बो टिकतो.

आता तळणीचं तेल आठवा. एकदा तळलं तर ठीक, पण तेच तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवलं की काळं पडतं, दाट होतं, कढईला चिकटतं. टर्बोच्या गाडीत इंजिन ऑइलचं तेच होतं. एका साध्या गाडीने १५ हजार किलोमीटर शांतपणे कापले आणि टर्बोच्या गाडीने तेवढेच किलोमीटर घाट चढत, जोरात दामटत कापले, तर मीटर दोघींचा सारखाच दिसेल. तेलाची अवस्था मात्र सारखी नसेल. म्हणून वेगवान गाडीत "किती चालली" याच्या आधी "किती वेळा आणि कशाने सांभाळली" हे विचारायचं.

२. नोंदी कुठे कुठे सापडतात?

पूर्वी गाडीबरोबर सर्व्हिस बुक यायचं आणि त्यात शिक्के मारले जायचे. शिक्का मात्र कोणीही बनवू शकतो. आज खरी नोंद चार ठिकाणी असते.

पहिली जागा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरची संगणकीय नोंद. प्रत्येक गाडीला १७ अक्षरांचा चेसिस नंबर असतो आणि बहुतेक कंपन्यांच्या सेंटरमध्ये त्या नंबरावर गाडीचा इतिहास निघतो. ही माहिती सहसा मालकालाच देतात. म्हणून विकणाऱ्याला सरळ सांगायचं, "आपण दोघं सेंटरला जाऊ, तुम्ही अर्ज करा, प्रिंट माझ्यासमोर निघू दे." मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवर किंवा एक्सेल शीटवर समाधान मानू नये.

दुसरी जागा म्हणजे मूळ बिलं आणि जॉब कार्डं. प्रिंटमध्ये बहुधा कामाचा सारांश असतो. बिलात कुठला पार्ट, किती लिटर तेल, कुठल्या दर्जाचं, हे सगळं येतं.

तिसरी जागा बाहेरच्या गॅरेजची. वॉरंटी संपली की अनेक मालक एखाद्या भरवशाच्या मेकॅनिककडे जातात. यात गैर काही नाही. जाणकार हातांनी, योग्य तेल आणि पार्ट वापरून केलेलं काम शोरूमच्या तोडीचं असू शकतं. फक्त त्याची बिलं हवीत, आणि त्या मेकॅनिकला फोन करायला मालकाची ना नसावी.

चौथी जागा सहसा कोणी बघत नाही: टायरच्या दुकानाची पावती, व्हील अलाइनमेंटचा कागद, बॅटरीचं वॉरंटी कार्ड, विमा कंपनीने पाहणीच्या वेळी काढलेले फोटो. यांतल्या अनेकांवर तारखेबरोबर किलोमीटरही नोंदलेले असतात. हे कागद कोणी गाडी विकायच्या हेतूने जपलेले नसतात, म्हणून त्यांची साक्ष जास्त मोलाची.

३. तीन रकाने आणि एक खाडा

कागद हातात आले की कोऱ्या पानावर तीन रकाने आखा: तारीख, किलोमीटर, काम. सगळ्या ठिकाणच्या नोंदी तारखेच्या क्रमाने एकाखाली एक लिहा. शाळेच्या हजेरीपटात जसे खाडे लगेच डोळ्यांत भरतात, तसे इथेही भरतील.

समजा, २०२५ च्या फेब्रुवारीत आपण एक ऑक्टाव्हिया आरएस बघतो आहोत. मीटर ५८,००० दाखवतोय. नोंदी अशा निघाल्या:

नोव्हेंबर २०१७: गाडी ताब्यात
नोव्हेंबर २०१८: १४,२०० किमी, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर
नोव्हेंबर २०१९: २९,१०० किमी, ऑइल, फिल्टर, एअर फिल्टर
जानेवारी २०२१: ३६,४०० किमी, ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल
मार्च २०२३: ४१,८०० किमी, ऑइल, फिल्टर, नवी बॅटरी
फेब्रुवारी २०२४: ५२,३०० किमी; ऑइल, फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड

वरवर बघता यादी चांगली आहे. आता प्रत्येक दोन नोंदींमधल्या किलोमीटरना महिन्यांनी भागा. पहिली दोन वर्षं गाडी महिन्याला साधारण १,२०० किलोमीटर चालली. पुढच्या १४ महिन्यांत ७,३००, म्हणजे महिन्याला सुमारे ५२०. हा २०२० च्या टाळेबंदीचा काळ, तेव्हा घट समजण्यासारखी आहे. त्यानंतर मात्र २६ महिन्यांत फक्त ५,४०० किलोमीटर, महिन्याला जेमतेम २०८. आणि लगेच पुढच्या ११ महिन्यांत १०,५००, म्हणजे पुन्हा महिन्याला साडेनऊशे.

जानेवारी २०२१ ते मार्च २०२३ हा या गाडीच्या हजेरीपटातला खाडा. त्याची कारणं दोन असू शकतात. एक म्हणजे मालक परगावी किंवा परदेशी असेल आणि गाडी आच्छादनाखाली उभी असेल. मार्च २०२३ मध्ये नवी बॅटरी पडली, हे त्या गोष्टीशी जुळतं. उभ्या गाडीची बॅटरी बसतेच. दुसरं कारण असं की गाडी नेहमीसारखी चालली, सर्व्हिस बाहेर झाली किंवा झालीच नाही, आणि मीटर मागे घेतला गेला.

दुसरं कारण खरं निघालं तर काय, याचा हिशोब करू. महिन्याला १,००० धरले तर २६ महिन्यांत २६,००० किलोमीटर व्हायला हवे होते. कागदावर आहेत ५,४००. म्हणजे सुमारे २०,६०० किलोमीटर गायब. मग गाडीचं आजचं खरं रनिंग ५८,००० नसून साडेअठ्ठ्याहत्तर हजारांच्या घरात असेल. पुढे पाचव्या भागात आपण बघणार आहोत की या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल ६०,००० ला बदलायचं असतं. मीटर ५८,००० दाखवत असल्यामुळे "ते काम अजून यायचंय" असं विकणारा म्हणू शकतो. प्रत्यक्षात ते कधीच उलटून गेलेलं असेल.

यातलं खरं कारण कोणतं, हे नुसत्या भागाकारातून कळत नाही, पण विचारायचा प्रश्न नेमका मिळतो. "त्या दोन वर्षांत गाडी कुठे होती?" उत्तराबरोबर त्या काळातली एखादी टायरची किंवा अलाइनमेंटची पावती मागा. त्या काळातल्या विम्याचे कागद मागा. प्रामाणिक मालकाला हा प्रश्न टोचत नाही; तो आठवून सांगतो.

४. बिल जवळून वाचताना

आता एक बिल उचलू आणि ओळीओळीने बघू.

इंजिन ऑइलच्या ओळीत दोन गोष्टी शोधायच्या. पहिली म्हणजे दर्जा. प्रत्येक कंपनी आपल्या इंजिनासाठी तेलाचं एक ठरावीक मानक देते. फोक्सवॅगन गटाच्या पेट्रोल गाड्यांत ५०२ ०० हे असंच एक मानक. बिलावर नुसतं "इंजिन ऑइल" लिहिलं असेल, तर कुठलं ते विचारा. दुसरी म्हणजे प्रमाण. आरएसच्या २ लिटर इंजिनाला साडेपाच लिटरच्या आसपास तेल लागतं. बिलावर साडेतीनच लिटर असेल, तर तेल पूर्ण बदललं नाही किंवा बिल दुसऱ्याच गाडीचं आहे.

मग चेसिस नंबर. बिलावरचा नंबर, आरसीवरचा नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर हे तिन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. हे काम एका मिनिटाचं आहे, पण घाईत तेच राहून जातं.

सर्वात महत्त्वाची जागा जॉब कार्डवर असते: ग्राहकाने सांगितलेल्या तक्रारींचा रकाना. गाडी सोडताना मालक जे बोलतो ते सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तिथे टिपतो. "पहिल्या गिअरला झटका बसतो." "सकाळी चालू करताना खडखड आवाज." "कूलंट कमी होतंय." अशी तक्रार एकदा येऊन, दुरुस्त होऊन, पुन्हा न आलेली असेल तर ती चांगलीच खूण. तीच तक्रार तीन भेटींत दिसत असेल आणि त्यानंतर गाडी विकायला निघाली असेल, तर आपल्याला काय विकलं जातंय ते उघड आहे.

शेवटी बघा "सुचवलेली कामं". सेंटरने सांगितलं आणि मालकाने नको म्हटलं, अशी कामं अनेक बिलांच्या तळाशी लिहिलेली असतात. नकार दिलेलं काम पुढच्या बिलात झालेलं दिसत नसेल, तर तो खर्च आपल्या अंगावर येणार.

५. या कामांची नोंद असायलाच हवी

*इंजिन ऑइल.* स्कोडाचं आपल्याकडचं वेळापत्रक साधारण १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. यातलं "किंवा एक वर्ष" लोक विसरतात. गाडी वर्षात चारच हजार चालली तरी तेल बदललं पाहिजे. गाडीवर जीव असणारे मालक १५ हजारांची वाट न बघता आठ-दहा हजारांनाच तेल बदलतात. फाइलमध्ये हे दिसलं, तर मालक कसा आहे ते तिथेच कळतं.

*डीएसजी गिअरबॉक्सचं तेल.* डीएसजी म्हणजे दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. स्वयंपाकघरात एक जण पोळी लाटते, दुसरी भाजते. एक पोळी तव्यावरून उतरते तोवर पुढची लाटून तयार असते. तसंच इथे एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. गाडी तिसऱ्यात धावत असताना चौथा आधीच तयार ठेवलेला असतो, म्हणून गिअर पापणी लवायच्या आत पडतो. २०१७ च्या आरएसमध्ये हे क्लच तेलात बुडालेले असतात. क्लच झिजून निघणारा भुगा त्याच तेलात जातो आणि तेच तेल गिअर बदलणाऱ्या यंत्रणेलाही दाब पुरवतं. म्हणून दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि त्याचा फिल्टर बदलावा लागतो. बिलावर सुमारे पाच लिटर डीएसजी तेल आणि फिल्टर अशा दोन वेगळ्या ओळी दिसल्या पाहिजेत.

पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी वेगळा आहे. त्याचे क्लच कोरडे असतात. इथे ६०,००० च्या तेलाची नोंद शोधण्यापेक्षा क्लच किंवा मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं संगणकीय-हायड्रॉलिक युनिट, कधी बदललं आहे का हे शोधा. या जातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरात सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यांतलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरलं होतं. शहरातल्या गर्दीत, रांगत रांगत चाललेल्या गाडीत हे क्लच लवकर झिजतात.

*ब्रेक ऑइल.* पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. ब्रेक ऑइलचं तसंच आहे. डॉट ४ जातीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. मग लांब घाट उतरताना ब्रेक तापले की ऑइल उकळून नळीत वाफ धरते आणि पेडल खाली जातं. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो. वरच्या यादीतल्या आरएसकडे पुन्हा बघा: सव्वासात वर्षांत ब्रेक ऑइलची नोंद एकदाच आहे. तीन वेळा तरी असायला हवी होती. २३० पीएसच्या गाडीत ही चूक किरकोळ नाही.

*स्पार्क प्लग आणि कार्बन.* टर्बो पेट्रोल इंजिनात प्लग साधारण ६०,००० किलोमीटरला बदलतात. ताकद वाढवलेल्या गाडीत त्याच्याही आधी. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीचा थर चढतो. अक्रोडाच्या टरफलांची भरड दाबाने मारून तो खरवडून काढतात. फाइलमध्ये अशा सफाईचं बिल सापडलं, तर मालक जाणकार होता असं खुशाल समजा.

६. रिमॅपची गोष्ट

इंजिनात किती हवा कोंबायची आणि किती इंधन फवारायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. त्यातला कार्यक्रम बदलून ताकद वाढवतात, त्याला रिमॅप म्हणतात. "स्टेज वन" म्हणजे पार्ट न बदलता, फक्त कार्यक्रम बदलून वाढवलेली ताकद. पुणे-मुंबईत हे काम करणारे बरेच आहेत आणि चांगलं काम करणारेही आहेत.

रिमॅप केलेली गाडी वाईटच, असं नाही. पण वाढलेली ताकद क्लच, टर्बो आणि ब्रेक यांच्याकडून वसूल होते, म्हणून तिची सर्व्हिस आणखी आखूड अंतराने व्हायला हवी. विक्रीच्या आधी मालक मूळ कार्यक्रम परत टाकतात आणि गाडी स्टॉक असल्याचं सांगतात. फोक्सवॅगन गटाच्या सेंटरमध्ये बदललेला कार्यक्रम पकडला गेला, तर त्या गाडीच्या नावापुढे टीडी१ अशी नोंद होऊ शकते आणि पुढे इंजिन-गिअरबॉक्सचे वॉरंटीचे दावे नाकारले जाऊ शकतात. म्हणून सेंटरमध्ये प्रिंट काढताना हेही विचारायचं: "या चेसिस नंबरावर टीडी१ आहे का?"

गाडी शर्यतीत पळवली होती का, हाही याच्या शेजारचा प्रश्न. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत; चेन्नई आणि कोइम्बतूरला रेसट्रॅक आहेत. दहा-बारा हजार किलोमीटरमध्येच ब्रेक पॅड आणि टायर पुन्हा पुन्हा बदलल्याची बिलं दिसली, तर मालकाला मोकळेपणाने विचारा. शर्यतीत उतरणारे अनेक जण गाडी उत्तम ठेवतात, फक्त त्यांनी ते सांगितलं पाहिजे.

७. सर्व्हिस फाइलच्या बाहेरची साक्ष

अपघाताची किंवा पुराची गोष्ट सर्व्हिस फाइलमध्ये नेहमीच येत नाही. ती दुसरीकडे शोधावी लागते.

विम्याची पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस बघा. दावा न करता वर्षं गेली की ही सवलत २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढत जाते, आणि दावा केला की सहसा शून्यावर येते. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीला २० टक्केच सवलत असेल, तर जवळच्या काळात दावा झाला असण्याची शक्यता मोठी. मात्र ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. तो ती जुन्या गाडीवरून आणू शकतो. सवलत शाबूत ठेवणारं जादा संरक्षणही विकत मिळतं. म्हणून ५० टक्के दिसले तरी निर्धास्त होऊ नका. मालकाला विमा कंपनीकडून दाव्यांचा तपशील मागवायला सांगा.

पासिंग कुठलं ते बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुराचं पाणी घरांत आणि पार्किंगमध्ये शिरलं होतं. गाडी एमएच-०८, ०९ किंवा १० ची असेल आणि त्या महिन्यांनंतर नोंदींत मोठा खाडा असेल, तर सीटखालचे स्क्रू, गालिच्याखालचा पत्रा आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याचा शेवट बघा. गंज आणि गाळ तिथे उरतो. तिथल्या सगळ्या गाड्यांवर संशय घ्यायचा नाही. फक्त तारखा ताडून बघायच्या.

वाहन पोर्टलवर गाडी कितव्या मालकाकडे आहे आणि कर्जाचा बोजा आहे का हे कळतं. ई-चलनांची यादीही काढा. त्यात वेगमर्यादा मोडल्याची तारीख आणि जागा असते. एखाददुसरं चलन कोणाचंही असतं. पण एकाच द्रुतगती मार्गावरची ओळीने डझनभर चलनं असतील, तर गाडी कशी हाकली गेली ते सांगायला आणखी साक्षीदार नको.

८. कागद आणि गाडी यांची गाठ घाला

आता फाइल हातात घेऊन गाडीपाशी जा. कागद जे सांगतो ते गाडीत दिसतंय का, एवढंच बघायचं.

जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा, "इंजिन गार असू द्या." पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गार इंजिन चालू होताना क्षणभर खडखड आली, तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर तपासून घ्यावा लागेल. एक्झॉस्टमधून निळसर धूर आला, तर इंजिन तेल जाळतंय.

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. २०१७ च्या, ३० हजार चाललेल्या म्हणवणाऱ्या गाडीला २०२० चे टायर असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर का गेले? पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड यांची झीज मीटरशी मेळ खाते का?

शेवटी जाणकाराकडून स्कॅन करून घ्या. अनेक आधुनिक गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर युनिट्समध्येही राहते. मुख्य वहीत खाडाखोड केली तरी बाकीच्या कारकुनांच्या वह्या तशाच राहतात, तसं हे. काही बिघाडांची नोंद ते घडले तेव्हाच्या किलोमीटरसकट सापडते. ७१,००० किलोमीटरला घडलेला बिघाड ५८,००० च्या मीटरवर दिसला, तर पुढे काही बोलायची गरज उरत नाही. आणि स्कॅनमध्ये एकही नोंद नाही, पण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसताहेत, तर नोंदी नुकत्याच पुसल्या असण्याचा संभव असतो. बॅटरी काढली तरी असं होतं, म्हणून आठवडाभर गाडी चालल्यावर पुन्हा स्कॅन करायला सांगा.

९. फाइलच नसेल तर?

काही वेळा गाडी चांगली असते, पण कागद हरवलेले असतात. अशा वेळी एक सरळ नियम: ज्या कामाचा पुरावा नाही, ते काम झालेलं नाही असं धरायचं. इंजिन ऑइल, डीएसजी तेल आणि फिल्टर, ब्रेक ऑइल, प्लग, कूलंट यांची यादी करून सर्व्हिस सेंटरमधून लेखी एस्टिमेट घ्या आणि ती रक्कम भावातून वजा करायला सांगा. यात वादाला जागा नसते, कारण आकडा तिऱ्हाइताचा असतो.

मात्र तीन वेळा वजाबाकी न करता परत फिरायचं. चेसिस नंबर जुळत नसेल तेव्हा. मीटर मागे घेतल्याचा पुरावा मिळाला तेव्हा. आणि सेंटरमधून प्रिंट काढायला किंवा स्कॅन करायला मालक नकार देईल तेव्हा. लाल रंगाची आरएस समोर उभी असताना पाठ फिरवणं जड जातं, हे खरं आहे. पण तशी दुसरी गाडी आज ना उद्या मिळते. फसलेल्या गाडीत गेलेले पैसे परत मिळत नाहीत.

या सगळ्याला फार तर दोन दिवस लागतात: एक दिवस कागदांना, एक गाडीला. क्रम मात्र उलटा करू नका. आधी गाडी चालवून बघितली की मन तिच्यात अडकतं आणि मग फाइलमधले खाडे दिसेनासे होतात. आधी फाइल वाचा, मग किल्ली हातात घ्या.

आणि गाडी तुमची झाली की पहिल्याच दिवशी एक जाड फाइल विकत आणा. प्रत्येक बिल, टायरची प्रत्येक पावती, अलाइनमेंटचा प्रत्येक कागद तारखेने लावत जा. चार वर्षांनी तुमच्या दारात कोणीतरी हीच गाडी बघायला येईल. तुम्हाला जी फाइल हवी होती, ती त्याच्या हातात ठेवा.